परवडणारा पडदा, मिरवणारा पडदा

गेमिंग मॉनिटर दोन प्रकारचे: एक परवडतो, दुसरा मिरवतो. कोलकात्यातल्या डमडमचा खेळाडू मेट्रोने चांदनी चौकच्या संगणक-बाजारात पोचला, की नजर आधी दुसऱ्यावरच जाते. ६० हर्ट्‌झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो, १४४चा ६.९, तर २४०चा ४.२ मिलिसेकंदांनी. म्हणजे पहिल्या उडीत जवळजवळ १० मिलिसेकंद पदरात पडतात, दुसरीत जेमतेम पावणेतीन. शत्रू दिसल्यावर बोट हलायला मात्र २०० लागतात, आणि तो भाग दुकानात मिळत नाही. खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ प्रतिसादाचा आकडा पुष्कळदा अशा सेटिंगचा असतो, की ते लावताच पडदा अंधारतो. ओलेड पडद्याचा काळा रंग खरोखर काळा. पण एकाच जागी तासन्‌तास राहिलेला गुणफलक त्यावर कायमचा उमटू शकतो. शिवाय सेकंदाला २४० चित्रे पुरवणारे ग्राफिक्स कार्ड वेगळे घ्यावे लागते. कित्येक १४४ हर्ट्‌झचे पडदे तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६०वरच राहून जातात. मालकाला फरक पहिल्या दिवसापासून दिसतो.