भट्टी आणि भत्ता

वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यातली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ला विझली. आता तिथे विजेची भट्टी येणार. खर्च १२५ कोटी पौंड, त्यातले ५० कोटी सरकारच्या तिजोरीतून. अडीच हजारांवर नोकऱ्या घालवणारी योजना, वर तिलाच अनुदान! (पाच हजार वाचवल्या, हे सरकारी गणित.)

कामावरून गेलेल्याला बेकारभत्ता मात्र त्या वर्षी आठवड्याला फार तर ९०.५० पौंड होता, तोही जास्तीत जास्त सहा महिने. त्यासाठी रोजगार केंद्रात ठरल्या वेळी हजेरी लावायची, कुठे कुठे अर्ज टाकले ते साहेबाला दाखवायचं. फुकट पैसा माणसाला आळशी करतो ना! ५० कोटी घेणाऱ्या, कारखान्याच्या मुंबईतल्या मालकांना मात्र, “गेल्या आठवड्यात कुठे कुठे प्रयत्न केलात?” असं कुणी दरडावल्याचं ऐकिवात नाही.