जांभळी मॅट

चाळिशी उलटली की माणसाला आपलं पोट दिसायला लागतं. त्याआधी ते फक्त बायकोला दिसत असतं. मग घरात योगा मॅट येते. आमची 1 जानेवारीला आली, जांभळी. मार्चपासून तिच्यावर साबुदाण्याचे पापड वाळताहेत.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, तोही मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ नसताना! एका नमस्कारात आसनं दहा की बारा, यावर मी अर्धा तास वाद घालू शकतो. घालायचा नमस्कार तेवढा राहतो.

खाणं मात्र मोजून. भाकरी एकच. तिच्यावरचं तूप मोजत नाही, कारण तूप अलीकडे पौष्टिक ठरलंय. गुरुवारी उपास: खिचडीवर दाण्याचं कूट, शेजारी तळलेला बटाट्याचा चिवडा. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, हे ठाऊक आहे. पण देवाच्या दिवशी कॅलऱ्या मोजू नयेत.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मी हिशेब मांडून बसलोय. पापड उलटायला रोज दोनदा वाकतो, गुडघे न दुमडता. ते धरायचं का?