एका दगडात दोन पालक
आईला डॉक्टर हवा, बाबांना इंजिनिअर. पोराने बायोमेडिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेऊन घरात तह घडवला. मग चार वर्षं हृदयाचे कप्पे नि सर्किटं एकाच दमात पाठ करायची, ईसीजीच्या रेघेतून विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण गाळायची. (काम खरंच सुंदर आहे.) काकूंना त्याचं काय! त्या बीपी बघायला हात पुढे करतात, काका मिक्सर. कॅम्पसला येते आयटी कंपनी. तिला हृदयाशी कर्तव्य नसतं. इकडे कोविडकाळात आलेले कित्येक व्हेंटिलेटर सरकारी रुग्णालयांत धूळ खात राहिले, काही बिघाडापायी, काही हाताळणारं कुणी नाही म्हणून. हाताळणारे होते हो, हिंजवडीत बँकांचं सॉफ्टवेअर तपासत होते.