हॅश हटवा, पण रिफ्रेश मारू नका
(नवशिक्यांसाठी स्वच्छ यूआरएलची कृती)

साहित्य : सिंगल पेज अ‍ॅप १, सर्व्हर १, आणि त्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल उघडायची परवानगी असलेला माणूस १. पहिल्या दोन वस्तू कुठेही मिळतात. तिसरी शुक्रवारी दुपारनंतर मिळत नाही.

पायरी १. आधी हॅशला नावे ठेवा. पत्त्यात हॅशच्या खुणेनंतर जे काही येते, ते ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे सर्व्हर कायम एकच पान देतो आणि बाकीचे जावास्क्रिप्ट बघून घेते. हे कधी बिघडत नाही, पण दिसते वाईट, आणि क्लायंट दिसण्याचेच पैसे देतो. बैठकीत इतिहास सांगायची वेळ आली तर सांगा, की २००९ मध्ये गूगलने हॅशला उद्गारचिन्ह जोडून असे पत्ते शोधयंत्राला वाचता येतील अशी युक्ती सुचवली. ट्विटरने ती उचलली आणि २०१२ मध्ये टाकून दिली. २०१५ मध्ये खुद्द गूगलनेच हात वर केले. एवढ्यावर हॅशची बाजू घेणारा गप्प बसतो.

पायरी २. राउटरमधला एक शब्द बदला. रिअ‍ॅक्टमध्ये हॅशराउटरच्या जागी ब्राउझरराउटर, व्ह्यूमध्ये वेब हिस्टरी. अँग्युलरवाल्यांनी काही करू नये, त्यांच्याकडे हे आधीपासूनच असते. पोटात काम करतो तो ब्राउझरचा पुशस्टेट. तो वरच्या पट्टीतला पत्ता बदलतो, पण सर्व्हरला त्याची गंधवार्ताही लागू देत नाही. आता मेनूवर टिचकी मारा. उत्पादने, मग उत्पादन क्रमांक १२, मग मागे जायचा बाण. सगळे सुरळीत. लगेच डेमो उरका. डेमोत रिफ्रेश मारायचा नाही आणि कोणाला लिंक पाठवायची नाही, एवढे पथ्य पाळा.

पायरी ३. पथ्य पहिला ग्राहक मोडतो. त्याने उत्पादन क्रमांक १२ ची लिंक बायकोला पाठवलेली असते आणि तिला ४०४ दिसतो. यावर ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणायची पद्धत आहे, आणि ते खरेही असते. तुमच्या मशीनवरचा डेव्हलपमेंट सर्व्हर न सापडलेल्या प्रत्येक पत्त्यावर मुकाट्याने इंडेक्स पान देत असतो. खरा सर्व्हर सोसायटीच्या नव्या वॉचमनसारखा आहे. रजिस्टरमध्ये नाव नाही, तर आत सोडणार नाही. उत्पादन १२ नावाची फाइल डिस्कवर कधी नव्हतीच, तो तरी काय करणार?

म्हणून साहित्यातल्या तिसऱ्या माणसाला शोधा. एन्जिनएक्स असेल तर ट्राय फाइल्सची ओळ लिहायची : मागितलेली फाइल असेल तर ती दे, नसेल तर इंडेक्स पान दे. अपाचीत फॉलबॅक रिसोर्स ही एक ओळ पुरते. गिटहब पेजेसवर कॉन्फिगला हातच लावता येत नाही, म्हणून लोक इंडेक्सचीच प्रत ४०४ च्या पानाच्या नावाने ठेवतात. पान झकास उघडते, पण सोबतचा स्टेटस कोड ४०४ च राहतो आणि शोधयंत्र पाठ फिरवते. ज्याच्यासाठी एवढा घाट घातला, तोच पाहुणा दारातून परत.

पायरी ४ सगळेच गाळतात, म्हणून ती जरा सविस्तर. आता सर्व्हर कशालाच नाही म्हणत नाही. कोणी पत्त्यात ‘अळूवडी’ टाइप केले, तरी २०० ओके. मागच्या डिप्लॉयमध्ये उडालेली जावास्क्रिप्ट फाइल मागितली, तरी तिच्या नावाखाली एचटीएमएल. ब्राउझर ते जावास्क्रिप्ट समजून वाचायला घेतो, पहिल्याच कोनी कंसाला अडखळतो आणि ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’ म्हणून ओरडतो. पडदा पांढरा. मग तुम्ही स्वतःच्या कोडमध्ये तो कंस शोधत बसता. तो तिथे नसतो. फाइलींचे फोल्डर आणि एपीआय इंडेक्स पान देणाऱ्या त्या ओळीतून वगळा, त्यांना प्रामाणिक ४०४ देऊ द्या. शिवाय स्क्रिप्टचे पत्ते तिरक्या रेघेने सुरू करा. नाहीतर उत्पादन १२ च्या पानावर ब्राउझर मुख्य स्क्रिप्ट ‘उत्पादने’ नावाच्या फोल्डरात शोधेल, तिथे त्याला इंडेक्स पान मिळेल, आणि तो कंस पुन्हा भेटेल.

पायरी ५. दुवे दुव्यासारखे ठेवा. बटणाला क्लिक चिकटवून पान बदलू नका. लोकांना कंट्रोल दाबून नव्या टॅबमध्ये उघडायचे असते. इतके पुरे.

पायरी ६, फक्त मराठी साइटसाठी. पत्त्यात देवनागरी चालते. वरच्या पट्टीत ‘सोलापूर’ सुरेख दिसते. कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवा : काना-मात्रा धरून सात चिन्हे, प्रत्येकाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरे, एकूण ६३. आजोबांना तो व्हायरस वाटतो. त्यापेक्षा रोमन लिपीत लिहावे, असे ठरते, आणि मग सोलापूर एसने सुरू होते की जुन्या पद्धतीने एसएचने, यावर तासभर बैठक चालते. जे स्पेलिंग हरेल, त्याच्यावरून जिंकलेल्याकडे ३०१ रीडायरेक्ट लावा. तो सर्व्हरवर लावा, आणि ट्राय फाइल्सला संधी मिळायच्या आत लागेल असा लावा.