एकवीरेला जाताना रिक्षा तापवण्याची सोपी रीत

(नवशिक्यांसाठी)

मुहूर्त चैत्राच्या यात्रेचाच धरा. पौष-माघात इंजिन तापवायला फार मेहनत पडते. कुंभिवलीहून भर दुपारी बाराला निघा. परमिट तीन प्रवाशांचं असतं, म्हणून मागे चौघं, ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक मेव्हणा. पोरं आणि कोंबडा कोणी मोजत नसतं.

खोपोलीपर्यंत काहीच होणार नाही. नाउमेद होऊ नका. पुढे बोरघाट आहे, खंडाळ्यापर्यंत सुमारे ५०० मीटरचा चढ. द्रुतगती मार्गावर तीनचाकीला बंदी, तेव्हा जुन्याच रस्त्याने चढायचं.

आता मुख्य काम. मोटरसायकलचं इंजिन समोरच्या वाऱ्यावर थंड होतं. रिक्षाचं एका सिलिंडरचं इंजिन मागच्या बाजूला, पत्र्याआड दडलेलं. तिथे वारा पोचत नाही, म्हणून इंजिननेच फिरणारा पंखा दिलेला असतो. इंजिन जितकं जोरात फिरेल तितका पंखा फिरतो, गाडीच्या वेगाशी त्याला देणंघेणं नाही. हुशार विद्यार्थ्याने ओळखलंच असेल की चढावर तिसरा गियर सोडायचा नाही. इंजिन कुथत राहतं, पंखा मंदावतो, हेड तापतं, आणि वर पेट्रोल वाचवल्याचं समाधान मिळतं. काही लोक वेळेवर दुसरा, मग पहिला टाकतात. आवाज फार होतो, पण त्यांचा ब्लॉक शाबूत राहतो. अशांच्या नादी लागू नये.

थोडी पूर्वतयारी हवी. सिलिंडरच्या पट्ट्यांमधला गेल्या पावसाळ्यातला चिखल जपून ठेवा. पंख्यावरचं पत्र्याचं आवरण खडखडतं म्हणून काढून टाका, म्हणजे वारा भलतीकडेच जाईल. ऑईलची काडी काढून पाहणं म्हणजे गाडीवर अविश्वास. मागचा ब्रेक घासत असेल तर उत्तमच.

शिंग्रोबाच्या देवळापर्यंत जळका वास यायला हवा. नाही आला तर क्लच अर्धवट दाबून धरा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं हे ठाणं, अशी आख्यायिका आहे. जाणारे-येणारे गाडीतूनच नाणं टाकतात. तुम्हीही टाका; पण वाट दाखवणं त्याचं काम, गियर तुमचा तुम्हालाच टाकायचा आहे.

इंजिनने ओढ सोडली की लगेच चावी बंद करून बाटलीभर गार पाणी हेडवर ओता. काही तडकलं तर अभ्यासक्रम पूर्ण झाला.

ज्यांना गाडी घरी परत आणायची आहे, त्यांनी मात्र ती कडेला घ्यावी, मेव्हणे उतरवावेत, इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवावं म्हणजे पंखा फिरत राहतो. मग बंद करून नीट गार होऊ द्यावं आणि ऑईल पाहावं. पाणी माणसांनी प्यावं. आणि परतताना घाटात न्यूट्रल करू नका. ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा, नाहीतर तापायची पाळी ब्रेकवर येते.