तीस टक्केवाले अण्णा

ज्यांच्या हॉलमध्ये सहा फुटी फिश टँक आहे, त्यांच्याकडे रात्री आठच्या सुमारास जाऊ नये, हे एव्हाना तुम्हीही शिकला असाल. मी आमच्या सोसायटीतल्या अण्णांकडे शिकलो. गप्पा रंगल्या होत्या, वहिनींनी नुकत्याच पोह्यांच्या डिश हातात दिल्या होत्या, तेवढ्यात ‘टक्’ झालं आणि सगळा अंधार. मी वीज गेली म्हणून मोबाइल चाचपू लागलो.

“टायमर आहे,” अण्णा म्हणाले. “दुपारी बारा ते रात्री आठ. त्यापुढे लाइट दिला की शेवाळ धरतं.”

“मग हॉलचा दिवा लावा की.”

“त्याचा उजेड काय टँकवर पडत नाही?”

उरलेले पोहे मी मिरची कुठली आणि शेंगदाणा कुठला ते जिभेने ओळखत संपवले. दिवसाही फार फरक नसतो. टँकवर ऊन येऊ नये म्हणून पश्चिमेचा पडदा कायम ओढलेला. ‘टेकडी दिसणारा फ्लॅट’ म्हणून बिल्डरने जास्तीचे पैसे घेतले होते. “टेकडी मी ब्रोशरमध्ये पाहिली आहे, छान आहे,” असं वहिनी सांगतात.

टँकात आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचे सिक्लिड आहेत. पिवळेधमक, निळे, पट्टेरी. दिसायला देखणे आणि अंगात सगळी भाऊबंदकी. हे मासे रोपं उपटतात, खातात. म्हणून टँकात रोपं नाहीत. रोपं नाहीत म्हणून पाण्यातलं सगळं खत शेवाळाच्या वाट्याला. मासे मोजके ठेवले तर सगळे मिळून एकाला धरून मारतात, म्हणून मुद्दाम गर्दी करायची. गर्दीने घाण वाढते, घाणीने नायट्रेट वाढतं, नायट्रेटने शेवाळ वाढतं. थोडक्यात, शेवाळ यावं अशी चोख व्यवस्था लावायची आणि जन्मभर ते घासत बसायचं. यावर अण्णांचा उतारा एकच. दर रविवारी तीस टक्के पाणी बदलायचं.

टँक सहा बाय दोन बाय दोन फूट. काठोकाठ भरला तर ६८० लिटर. तीस टक्के म्हणजे २०० लिटर. रविवारी सकाळी अण्णा बनियनवर, पाइप तोंडाने ओढून सायफन चालू करतात. कधी अंदाज चुकतो आणि घोटभर पाणी पोटात जातं. तेव्हा दुसरा माणूस बेसिनकडे धावला असता; अण्णा डोळे मिटून क्षणभर थांबतात आणि म्हणतात, “या आठवड्यात खाणं जरा जास्त झालंय.” पाइपचं दुसरं टोक बाल्कनीतल्या कुंड्यांत. त्यांचा मोगरा बारा महिने फोफावलेला असतो आणि खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या साड्या बारा महिने ओल्या.

हे त्यांच्या घरापुरतं राहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती. पण तीस टक्क्यांचं हे औषध ते जगाला पाजतात. माझं कोलेस्टेरॉल वाढलं, तर “जेवण एकदम बदलू नका, तीस टक्के बदला.” शेजारच्या मुलाला नोकरी सोडायची होती, तर “सगळी सोडू नकोस रे, तीस टक्के सोड.” तो बिचारा आठवडाभर हिशेब करत होता. एका लग्नात तर नवऱ्यामुलीला आशीर्वाद देताना म्हणाले, “याला सुधारायला जाशील, पण आठवड्याला तीस टक्क्यांच्या वर नाही.”

सोसायटीच्या वार्षिक सभेत जुनी कमिटी अख्खीच्या अख्खी हाकलायचा ठराव आला, तेव्हा अण्णा उभे राहिले आणि फिल्टरवर बोलू लागले. फिल्टरच्या स्पंजात बॅक्टेरिया वस्ती करतात. माशांच्या घाणीतून आलेल्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. स्पंज काळाकुट्ट दिसतो म्हणून कुणी नळाखाली खसखसून धुतला, की क्लोरीनने वस्ती साफ, आणि दोन दिवसांत चकचकीत टँकात मासे उलटे तरंगतात. स्पंज टँकातून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, तोही सगळा एकदम नाही. “म्हणून कमिटी तीस टक्के बदला,” त्यांनी समारोप केला. जुन्या सेक्रेटरींनी आपण यात बॅक्टेरिया आहोत की घाण, असा खुलासा मागितला. लोक हसले, आणि कमिटी शंभर टक्के बदलली. पुढच्याच आठवड्यात बी विंगचं पाणी बंद. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे फक्त जुन्या सेक्रेटरींना ठाऊक होतं, आणि ते रुसून गावी गेले होते. अण्णा लिफ्टजवळ उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढंच म्हणायचे, “स्पंज नळाखाली धुतला.”

त्याच उन्हाळ्यात बोअरचं पाणी आलं. नळांवर पांढरे थर, डाळ शिजेना, बायकांचे केस गळू लागले. सगळी सोसायटी बिल्डरच्या नावाने बोटं मोडत असताना एकटे अण्णा प्रसन्न. मालावीच्या माशांना जड, अल्कधर्मी पाणी लागतं. आधी धरणाचं मऊ पाणी यायचं, त्यात ते प्रवाळाचा चुरा घालून ते जड करायचे. “एवढं जड पाणी घरबसल्या!” असं ते टँकरच्या वर्गणीसाठी जमलेल्या लोकांना म्हणाले. त्यांना कुणी मारलं नाही, हा आमच्या सोसायटीचा मोठेपणा.

त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक पाहुणा एक सल्ला देतो: “सकर मासा सोडा की, काच चाटून साफ करतो.” तेव्हा मी खुर्ची मागे घेतो. सकर लहानपणी शेवाळ खातो, मोठा झाला की माशांच्या खाण्यावर ताव मारतो, फुटाहून लांब वाढतो आणि चाटतो त्याहून जास्त घाण करतो, इथपर्यंत अण्णांचा आवाज खाली असतो. मग तो चढतो. “आणि मग तुमच्यासारखे लोक तो नदीत नेऊन सोडतात! उजनीत जाऊन कोळ्यांची जाळी बघा!” पाहुण्याने उजनी कधी पाहिलेलीही नसते. अण्णांनी मात्र पाहिली आहे. आम्ही भिगवणला चिलापी खायला गेलो होतो. मसाला लावलेली, कुरकुरीत तळलेली चिलापी समोर आली आणि अण्णा तिच्या पाठीवरच्या काटेरी पराकडे बघत बसले. “ही पण सिक्लिडच,” ते म्हणाले. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली, आमच्याकडच्यांची चुलतबहीण, वगैरे. शेवटी त्यांनी पिठलं मागवलं. तिखट मात्र तीस टक्के.

परवा मी त्यांना कोंडीत पकडायचं ठरवूनच गेलो. अण्णा समोरच्या काचेवरचे हिरवे ठिपके दाढीच्या ब्लेडने खरवडत होते. ब्लेड तिरपं धरून, वाळूचा कण अडकला नाही ना ते दर वेळी बघत. म्हटलं, “अण्णा, मालावीत हे मासे काय खातात? दगडांवरचं शेवाळच ना? मग डब्यातली स्पायरुलिना विकत आणायची, ती मुळात नीलहरित शेवाळच, आणि फुकटचं काचेवरचं घासून फेकायचं, हा कुठला न्याय?”

अण्णांनी ब्लेड पुसून ठेवलं. काही न बोलता टँकच्या मागे भिंतीशी लावलेला निळा पुठ्ठा ओढून काढला. मागची अख्खी काच हिरवीगार होती, मखमलीसारखी. तिला कधी ब्लेड लागलंच नव्हतं. पिवळे मासे अंग तिरकं करून तिच्यावर तोंडं मारत होते. जिथे टोचलं तिथे बारीक स्वच्छ ठिपका उमटत होता आणि दुसरा मासा त्याच्या शेजारी तोंड लावत होता. मारामारी नव्हती.

“पुढची काच तुमची,” अण्णा म्हणाले. “ही त्यांची.”

रविवारची सकाळ, पाठीची उसण, टेकडी, पोटात गेलेलं पाणी, हे सगळं जिच्यासाठी, ती काच पाहुण्यांची होती. आणि पाहुण्यांना न दाखवलेली माशांची. या माणसाचा राग धरणं आता कठीण जाणार, एवढं मला कळलं, आणि त्याचाच मला राग आला.

पुठ्ठा परत सरकवता सरकवता अण्णा हळूच म्हणाले, “सोसायटीत बोलू नका हं. लोकांना वाटेल, याला अर्धाच टँक घासता येतो.”