टर्बोला अकाली निरोप कसा द्यावा

टर्बो घ्यावा की साधं पेट्रोल इंजिन, जास्त टिकेल कोणतं, असं जो तो विचारतो. न टिकवण्याची रीत मात्र कोणी सांगत नाही. ही उणीव भरून काढणं आम्ही कर्तव्य समजतो.

आधी सावज ओळखा. सायलेन्सरकडे निघालेल्या तापल्या वायूवर टर्बोचं चक्र फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतं. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. आपल्या घरापर्यंत ती पोहोचवण्यात अर्थखात्याचाही वाटा आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की कर कमी. मग एवढ्याशा इंजिनातून जोर काढायचा तर टर्बोच हवा.

हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल गाडीत त्याच्या एका बाजूचा वायू नऊशे अंशांच्या घरात तापतो आणि दांडा तरंगत असतो तो ऑइलच्या पातळ थरावर. तुमचं सगळं कसब या थरावर चालवायचं आहे.

मुंबईहून पुण्याला निघा. खंडाळ्याचा घाट पाय दाबून चढा, पुढच्या गाडीला दिवे दाखवत. वर पोहोचताच वड्याच्या वासाने गाडी वळवा आणि थांबण्याच्या क्षणीच चावी फिरवा. आत टर्बो लालबुंद, ऑइलचा पुरवठा बंद; अडकलेलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं आणि वाटा बुजवतं. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवले किंवा मिनिटभर इंजिन सुरू ठेवलं, तर हा सारा खटाटोप फुकट जाईल. तेव्हा तो मोह टाळा. काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवणारा पंप असतो. मालकाच्या कामात कंपनीने केलेली ही ढवळाढवळ आहे.

शहरात अ‍ॅव्हरेजचा ध्यास धरा. तीसच्या वेगाला चौथा गिअर, समोर उड्डाणपूल आला की गिअर न बदलता अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनात अशा वेळी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटू शकतं आणि एखाद्या तडाख्यात पिस्टन फुटतो. वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब तेवढा जपून ठेवा, गॅरेजमध्ये वाचायला बरा.

ऑइल? काळं झालं तरी ऑइलच ते. मॅन्युअलमधला ग्रेड म्हणजे कंपनीचा अट्टहास समजा आणि कोपऱ्यावर मिळेल तो डबा ओता. एअर फिल्टरही साफ करून, झटकून, आशीर्वाद देऊन परत बसवा. तो फाटलाच, तर धुळीचे कण थेट त्या दोन लाख फेऱ्यांच्या पात्यांवर जातील. याहून नेमका नेम तुम्हाला हातानेही साधणार नाही.

साध्या इंजिनवाल्यांनी मात्र चिकाटी ठेवावी. त्यात भाग कमी, सिलिंडरमधला दाब कमी, तापमानही बेताचं. घाट चढून लगेच बंद करा, फारसं मनावर घेत नाही. ऑइल दोन महिने उशिरा बदला, कुरकुर करत चालतं. बहुतेक जण याच सोशिकपणाला टिकाऊपणा म्हणतात. त्यांच्यासाठी खात्रीचा उपाय एकच: कूलंट गळत असताना, तापमानाचा दिवा पेटलेला असताना, 'आता घर जवळच आलं' म्हणत गाडी हाकत राहणं. हेडचं गॅस्केट तिथे दगा देतंच.

एका जमातीपासून सावध राहा. टोयोटा इनोव्हाचं अडीच लिटरचं डिझेल इंजिन टर्बोचंच, तरी टॅक्सीवाल्यांनी ते लाखो किलोमीटर पळवलं. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत किती गाड्यांत बसलं, तेही टर्बोच. डिझेलचा वायू पेट्रोलइतका तापत नाही, इंजिनाची घडणही दणकट, हे खरंच. पण हे लोक वेळेवर ऑइल बदलतात, दिवसभर एका लयीत चालवतात आणि स्टँडवर गाडी लावल्यावर आधी पॅसेंजरचं सामान उतरवून मग चावी फिरवतात. असल्यांकडून काही शिकू नका.

सगळं नीट पार पडलं की सायलेन्सरमधून निळसर धूर येईल आणि पिकअप जाईल. आता गाडी धुऊन पुसून घ्या आणि जाहिरात द्या: फर्स्ट ओनर, डॉक्टरांनी वापरलेली. गिऱ्हाईक यायच्या अर्धा तास आधी मात्र इंजिन सुरू करून ठेवा. पहिला धूर तोवर वाऱ्यावर गेलेला बरा.